कोल्हापुरात बनवलेला डिजिटल इन्क्लिनोमीटर (कल मोजायचं मशीन) जहाजाच्या स्टॅबिलिटी टेस्टला, म्हणजे जहाज किती स्थिर आहे ते तपासायला, चालेल का? अप्रूव्हल कुणाचं लागतं?

चालेल, पण एकट्यानं नाही. तुम्ही विचारलंय की शिरोली एमआयडीसीत बनवलेल्या मशीनला एकदा अप्रूव्हल घेतलं की कुठल्याही जहाजावर वापरता येईल का, तर तसं होत नाही. मी पण कोल्हापूरचाच, बरीच वर्षं किनाऱ्यावरच्या यार्डात या टेस्ट केल्यात म्हणून सांगतो.

आयएमओच्या (संयुक्त राष्ट्रांची सागरी संघटना) 2008 च्या इंटॅक्ट स्टॅबिलिटी कोडचा, म्हणजे जहाजाच्या स्थिरतेच्या नियमांचा, भरवसा पेंडुलमवर आहे, म्हणजे आपल्या गवंड्याचा ओळंबाच, फक्त 4 ते 6 मीटर लांब तारेला बांधलेला आणि खाली तेलाच्या टबात बुडवलेला, हेलकावे लवकर थांबावेत म्हणून. तीन लावा म्हणतात, दोन तरी पाहिजेतच, 30 मीटरपर्यंतच्या जहाजाला एक चालतो. इन्क्लिनोमीटरचा विचार प्रत्येक केसला वेगळा होतो आणि सोबत किमान एक पेंडुलम ठेवा असं कोड सांगतो.

कारण असं की वजनं सरकवून जहाज एका बाजूला 1 ते 4 अंशच कलवतात. 2 अंश धरा, 5 मीटरच्या पेंडुलमला ते साधारण 175 मिमी दिसतं, पट्टीवर 1 मिमी चुकला तरी अर्ध्या टक्क्याच्या आसपास. तुमच्या मशीनमध्ये 0.1 अंशाची चूक असली तर तिथंच 5 टक्के गेले, आणि जीएम, म्हणजे जहाज किती स्थिर आहे ते सांगणारी उंची, याच कोनावरून काढतात, म्हणजे 60 सेंमी जीएममध्ये 3 सेंमीचा फरक, हे लहान नाही हो, जहाजावर माणसं असतात. स्क्रीनवर दोन दशांश दिसतात म्हणजे तेवढी अचूकता आहे असं धरू नका.

आमच्या एका टेस्टला एका पेंडुलमची रीडिंगं ग्राफवर रेषेत बसेनात, बाकी दोघांची बसत होती, बघतो तर लोलक टबाच्या कडेला घासत होता. एकच साधन असतं तर कळलंच नसतं.

अप्रूव्हल जहाजाच्या झेंड्याच्या देशाचं, आपल्याकडं डीजी शिपिंग (केंद्र सरकारचं जहाजांचं खातं), किंवा त्यांच्या वतीनं आयआरएससारखा (इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग) क्लास, म्हणजे जहाजं तपासून सर्टिफिकेट देणारी संस्था. टेस्टची प्रोसिजर आधी पाठवायची, त्यात मशीनची माहिती, कॅलिब्रेशन, वजनांची सर्टिफिकेटं सगळं, आणि टेस्टला त्यांचा सर्व्हेयर (तपासणारा अधिकारी) समोर असतो. कॅलिब्रेशन एनएबीएल (लॅबना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यतेच्या लॅबमधून 0 ते 4 अंशातलंच बारीक करून घ्या.

आणि पहिल्यांदा एखाद्या यार्डाला विनंती करून मशीन नुसतं पेंडुलमच्या बाजूला ठेवा, प्रत्येक वेळी वजन हलवल्यावर दोन्ही रीडिंगं शेजारी शेजारी लिहा, तो कागद पुढच्या सर्व्हेयरला दाखवता येईल.