दृष्ट, बिब्बा, चकवा आणि पिंपळावरचा मुंजा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : फ्लॅटमध्ये गॅसवर नातवाची दृष्ट काढते. कधी मिरच्यांचा ठसका लागतो, कधी अजिबात नाही. ठसका नाही म्हणजे दृष्ट होती, असे सासूबाई सांगत. खरे काय समजायचे? (वाचक, सांगली)

उत्तर : आधी मिरची कोणती होती ते बघा. ब्याडगी रंगाला भारी पण तिखटाला बेताची, तिचा ठसका कमीच. लवंगी दोन टाकल्या तरी शेजारचे खोकतील. दुसरे कारण आच. मिरचीचा तिखटपणा आतल्या पांढऱ्या शिरांत असतो. निखाऱ्यावर मिरची धुमसत जळते तेव्हा तो धुरातून घरभर पसरतो. गॅसच्या मोठ्या आचेवर ती भसकन पेटून जाते, त्यात चिमणी चालू असली की संपलेच. ज्योत एकदम पिवळी झाली तर तेही मिठाचेच काम, मीठ आगीत पडले की ज्योत पिवळी होतेच.

पद्धत तुम्हाला ठाऊकच आहे : मूठभर खडे मीठ, चमचाभर मोहरी, देठासकट पाच किंवा सात सुक्या लाल मिरच्या. मूठ मिटून डोक्यापासून पायापर्यंत तीनदा किंवा सातदा उतरवायचे, ‘आल्यागेल्याची, घरच्यादारच्याची’ पुटपुटायचे, मागे न बघता चुलीत टाकायचे आणि हातपाय धुवायचे. हे सगळे चुलीसाठी बेतलेले आहे. गॅसवर करताना मोहरी बर्नरच्या भोकांत अडकते आणि मीठ बर्नर खाते. खडे मिठात अडकलेले पाणी तापून फुटते, म्हणून ते तडतडून उडते आणि नेमके वाकून बघणाऱ्याच्या डोळ्यांत जाते. जुना लोखंडी तवा तापवून त्यावर टाका, खिडकी उघडी ठेवा. मिरच्या दोनच पुरेत. मूल लहान असेल किंवा घरात कुणाला दमा असेल तर ओवाळणे खोलीत करा आणि जाळणे बाल्कनीत. धुरातली मिरची दम्याच्या माणसाला दवाखान्यात पोचवू शकते. मिरची धरलेला हात बाळाच्या डोळ्याला लागणार नाही एवढे बघा. धूर नकोच असेल तर भाकरतुकडा ओवाळून टाकण्याची रीतही तितकीच जुनी आहे.

प्रश्न : दारावरच्या लिंबू-मिरचीच्या दोऱ्यातून ‘क’ जीवनसत्त्व हवेत पसरते, असा संदेश फिरतो आहे. शिवाय बाळाच्या कमरेला बिब्बा बांधावा का? (वाचक, नाशिक)

उत्तर : तो संदेश पुढे पाठवू नका. ‘क’ जीवनसत्त्व वाफ होऊन उडणाऱ्यातले नाही, दोऱ्यातून तर नाहीच. प्रत्येक रूढीला शास्त्राचा शर्ट घालायची सध्या हौस आहे. मूळ समजूत त्यापेक्षा गमतीची आहे : अलक्ष्मीला, म्हणजे आपल्या अक्काबाईला, आंबट-तिखट आवडते, ते दारातच मिळाले की ती आत न येता परत फिरते. म्हणून एक लिंबू, सात हिरव्या मिरच्या, कुठे खाली कोळसा, कुठे बिब्बा. शनिवारी बदलायचे. पावसाळ्यात शनिवारची वाट बघू नका, तीन-चार दिवसांत लिंबू सडते आणि चिलटे धरतात. उतरवलेले रस्त्यात टाकू नका. तार वेगळी काढा, बाकीचे ओल्या कचऱ्यात घाला.

बिब्बा मात्र बाळाला बांधूच नका. गोडंबी आपण डिंकाच्या लाडवात घालतो, पण ती आतली बी. वरच्या काळ्या टरफलात तेलकट दाहक चीक असतो. धोबी कपड्यांवर खूण करायला हाच वापरत, धुऊनही तो जात नसे. घाम, उष्णता आणि कमरेची घासाघीस एकत्र आली की चीक पाझरतो, कातडी काळी पडते, एक-दोन दिवसांत फोड येतात. आंब्याच्या चिकाने ज्यांना उततं त्यांनी जास्त जपावे, बिब्बा, आंबा आणि काजू एकाच कुळातले. चीक लागलाच तर लगेच साबणाने आणि गार पाण्याने धुवा, फोड फोडू नका. चेहऱ्यावर किंवा बाळाला लागला असेल तर थेट डॉक्टर. दृष्टीच्या वस्तूंत बिब्बा घालून जाळतात तेही बंद करा, त्याचा धूरसुद्धा उततो.

प्रश्न : बोलता बोलता पाल चुकचुकली की बोट आपटून ‘कृष्ण कृष्ण’ का म्हणतात? पाल दुधात पडली तर विष होते का? (वाचक, वर्धा)

उत्तर : चुकचुकणे शंकेचे, म्हणून बोट आपटून देवाचे नाव. पालीचा तो आवाज दुसऱ्या पालीसाठी असतो, आपल्या बोलण्याशी त्याचा संबंध नाही. पालीला विष नसते. तिच्या अंगावर आणि विष्ठेत जुलाब-उलटीचे जंतू असू शकतात, म्हणून ते दूध टाकून द्यायचे.

प्रश्न : कोकणात रात्री माणूस त्याच त्या जागी परत येतो, त्याला चकवा लागला म्हणतात. यात काही तथ्य? (वाचक, ठाणे)

उत्तर : गोल फिरणे शंभर टक्के खरे. 2009 साली जर्मनीतल्या संशोधकांनी माणसांना जंगलात आणि सहारा वाळवंटात सरळ चालायला सांगितले. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर ती बऱ्यापैकी सरळ गेली. तो झाकला गेला की स्वतःच्याच वाटेवर परत आली, आणि आपण सरळच चाललोय अशी त्यांची खात्री होती. डोळे बांधले तर काहींचे फेरे 20 मीटर व्यासाच्या आत होते. अमावस्येची रात्र आणि काजूची बाग यांत दुसरे काय होणार?

जुन्या माणसांचा उपाय इथे अगदी बरोबर आहे : जागेवर बसा, विडी ओढा, उजाडू द्या. सिंधुदुर्गात आणि गोव्यात देवचाराला हाक घालतात, हातात पलिता घेऊन तो वाट दाखवतो अशी श्रद्धा. हाक जरूर घाला, त्या निमित्ताने पाय थांबतात. धोका चालत राहण्यात आहे, कारण चिऱ्याच्या खाणी आणि कठडा नसलेल्या विहिरी अंधारात दिसत नाहीत. ओढ्याचा आवाज किंवा दूरचा दिवा सापडला तर तेवढी एकच खूण धरून चला.

प्रश्न : पाचवीच्या रात्री सटवाई बाळाचे नशीब लिहिते म्हणून जागरण करतात. आम्ही करावे का? (वाचक, लातूर)

उत्तर : करा की. पाटा-वरवंट्याची पूजा, कोरा कागद, लेखणी, कणकेचे दिवे, यात वाईट काही नाही. त्या रात्रीची धास्तीही निराधार नव्हती. मळक्या विळ्याने नाळ कापली की बाळाला धनुर्वात होई, आणि तो साधारण तिसऱ्या ते चौदाव्या दिवसांत दिसतो. दोन दिवस नीट पिणारे बाळ अचानक ओढेनासे होते, मग ताठते. गरोदरपणातल्या लशींमुळे आणि स्वच्छ बाळंतपणामुळे हे आता दुर्मिळ झाले आहे. नाळेला राख, हळद, तेल काही लावू नका, कोरडी राहू द्या. पूजेतला विळा आणि दिवे पाळण्यापासून लांब ठेवा, बाळंतीण रात्रभर जागलेली असते आणि पदर पेटायला क्षण पुरतो. जागरण बाकीच्यांनी करावे, तिला झोपू द्यावे.

प्रश्न : गच्चीच्या भिंतीत पिंपळ उगवलाय. गडी हात लावत नाहीत, मुंजा असतो म्हणतात. एका देवऋषीने 21 हजार मागितले, नाही दिले तर घरातला मुलगा जाईल म्हणाला. (वाचक, सोलापूर)

उत्तर : मुंज झालेला, पण सोडमुंजीआधी गेलेला मुलगा पिंपळावर राहतो, ही ती समजूत. तुमचा पिंपळ मात्र पक्ष्याच्या विष्ठेतल्या बीने आलाय. मुळे जाड झाली की भिंत फुटेल. नुसता वरून छाटला तर दुप्पट जोमाने फुटतो. पावसाळ्यात भिंत ओली असताना रोप मुळासकट ओढून काढा, फट सिमेंटने बुजवा. गड्यांची भीती घालवायची तर नारळ फोडा, रोप शेताच्या बांधावर लावा, म्हणजे तोडल्याचा दोषही राहत नाही. मोठे झाड असते तर शहरात 1975 च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे परवानगी लागली असती.

देवऋषीला दमडी देऊ नका. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात भुताची धमकी देऊन घबराट माजवणे हा गुन्हा आहे. त्याला सहा महिने ते सात वर्षे कैद आणि 5 ते 50 हजार रुपये दंड आहे. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याने पोलिसांना तक्रार घ्यावीच लागते. तुमच्या घरची पूजा किंवा नारळ यात येत नाही. त्याचे फोन, संदेश आणि पैशाची मागणी जपून ठेवा, दोन साक्षीदारांची नावे लिहून काढा आणि ठाण्यात या कायद्याचे नाव घेऊनच तक्रार द्या.