सुई टोचताना आईचा हात कुठे असावा?

"मॅडम, त्याला सुई टोचताना मी जवळ नको. आईचा हात लागला की दुखतं, असंच त्याच्या मनात बसेल." तिसाव्या आठवड्यात जन्मलेल्या, बाराशे ग्रॅम वजनाच्या बाळाची आई अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर बसून मला हे सांगत होती. टाचेतून रक्त घ्यायची वेळ झाली की गेले नऊ दिवस ती उठून बाहेर येत असे. ही भीती अनेक मातांच्या मनात असते. इतक्या स्पष्टपणे ती बोलून दाखवणाऱ्या थोड्या.

बाळाला दुखत नाही, असे सांगून तिची समजूत घालणे मला पटले नसते. वैद्यकशास्त्रानेच ही चूक दीर्घकाळ केली होती. अपुऱ्या भुलीखाली नवजात बाळांच्या शस्त्रक्रिया १९८०च्या दशकापर्यंत होत असत आणि डॉ. कंवलजीत आनंद व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये मांडलेल्या संशोधनानंतर ती समजूत ढासळू लागली. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या शरीरात वेदना मेंदूपर्यंत पोचवणारे मार्ग तयार असतात, मात्र वेदनेला आवर घालणारी यंत्रणा अजून कच्ची असते, त्यामुळे टोचणी त्याला जास्तच लागते.

"मग तर मी नकोच," ती म्हणाली. मी तिला विचारले, की तुम्ही बाहेर आलात म्हणून सुई थांबते का? ती गप्प झाली. सुई टळणार नसते; आईचा हात सुईच्या आधीपासून असेल आणि सुई गेल्यावरही राहील, तर बाळाच्या वाट्याला नुसती सुई येत नाही, एवढेच मला तिला सांगायचे होते. फिनलंडमधील, २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, श्वासमार्गातील स्राव ओढून काढताना आईवडिलांनी आपल्या बाळाला हातांनी सावरून धरले, तेव्हा वेदनेची लक्षणे कमी दिसली आणि बाळे लवकर शांत झाली.

धरण्याची रीत साधी आहे, पण आपल्या सवयीच्या विरुद्ध. बांगड्या, अंगठी काढून, हात धुऊन ऊबदार करायचे. एक तळवा डोक्यावर ठेवायचा, दुसऱ्याने पाय पोटाशी दुमडून धरायचे आणि बाळाचे हात तोंडाजवळ येऊ द्यायचे, म्हणजे ते गर्भाशयात जसे होते तसे आवळले जाते. थोपटायचे नाही, कुरवाळायचे नाही. हलता स्पर्श इतक्या लहान जिवाला झेपेलच असे नाही. स्थिर, किंचित दाब असलेला हात झेपतो. प्रकृती स्थिर असेल तर आईच्या उघड्या छातीशी घेऊनही टाचेतून रक्त काढता येते, मात्र ते डॉक्टरांनी ठरवायचे. मोठ्या, वेदनादायक उपचारांत औषधाची जागा हा स्पर्श घेऊ शकत नाही, हेही मी प्रत्येक पालकाला सांगते.

दुसऱ्या दिवशी सिस्टरांनी तिला आधी बोलावले. सुई लागताच बाळ कळवळले, चेहरा आक्रसला, आणि तिने घाबरून माझ्याकडे पाहिले. पण हात उचलला नाही. टाचेवर कापूस दाबून झाल्यावरही सिस्टर "आता सोडा" म्हणेपर्यंत ती तशीच उभी राहिली. बाळाची मूठ तिच्या अंगठ्याला टेकलेली होती, श्वास हळूहळू संथ होत होता. बाहेर येताना तिने सिस्टरांना एकच विचारले, "उद्या रक्त किती वाजता घेणार? मला आधी हाक मारा."