कोडिंग येत नसेल तर संगणक वापरून इतिहासाचा अभ्यास करता येतो का?

तुमच्या प्रश्नात दोन गोष्टी आहेत. तुम्ही पुण्यात इतिहासात एम.ए. करताय, कोडिंगचा गंध नाही, आणि जुन्या कागदांचा मजकूर संगणकात घेऊन त्याची मोजदाद, छाननी करणं तुम्हाला जमेल का, ही एक. घरात पणजोबांच्या वेळची मोडी कागदांची दोन गाठोडी आहेत, त्यांचं यात काही होईल का, ही दुसरी. गाठोड्यांचं शेवटी सांगतो. तोवर ती सोडू नका, एवढी विनंती.

जमेल. लागेल तेवढं कोडिंग पाच-सहा महिन्यांत येतं. वेळ खातं ते दुसरंच काम: कागदातले कोणते दोन शब्द एक धरायचे आणि कोणते वेगळे, हे ठरवणं. तिथे इतिहास शिकलेलाच माणूस लागतो, आणि म्हणून मला हा विषय इतका जवळचा वाटतो.

मी सुरुवातीला अठराव्या शतकातल्या छापील पत्रांचा मजकूर घेतला आणि कुठल्या वर्षी कुणाचा उल्लेख किती वेळा येतो ते मोजलं. इंग्रज, फिरंगी, हबशी, मोगल. आलेख देखणा आला. दिल्लीची पातशाही खिळखिळी झाल्यावरसुद्धा 'मोगल' हा शब्द वर्षामागून वर्षं भरपूर दिसत होता. पुणे दरबाराचं लक्ष दिल्लीवरून कधी हललंच नाही, असं त्यावरून मी चार पानं लिहिली आणि ज्यांच्याकडे मोडी शिकलो त्या बाईंना नेऊन दाखवली. त्यांनी आलेख बाजूला ठेवला, एक पत्र काढलं, ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "हा मोगल कुठे मुक्कामाला आहे, वाच." मी वाचलं. भागानगर. म्हणजे हैदराबाद.

पेशवाईतल्या पत्रांत मोगल म्हणजे पुष्कळदा निजाम, आणि त्याचा मुलूख ती मोगलाई. दिल्लीचा तो पातशहा. फिरंगी म्हणजे पोर्तुगीज, इंग्रज नव्हे. टोपीकर म्हटलं की कुठलाही युरोपीय. डच ते वलंदेज, फ्रेंच ते फरासीस. जंजिऱ्याचा सिद्दी कधी हबशी असतो, कधी शामल. अब्दालीचे लोक ते गिलचे. यातलं काहीही संगणकाला आपोआप कळत नाही. त्यासाठी तुम्हाला नावांचा एक तक्ता करावा लागतो, आणि प्रत्येक 'मोगल'पुढे हा कोणता ते मजकूर वाचून लिहावं लागतं. मी ते केलं. चार पानं गेली, पण तो तक्ता आजही रोज वापरतो.

ही पद्धत काही काल-परवा आलेली नाही. इटलीतले जेझुइट पाद्री रॉबेर्तो बुसा १९४९ साली आयबीएमच्या प्रमुखांना भेटले आणि संत थॉमस अक्वायनसच्या लेखनातल्या शब्दांची सूची पंचकार्डांवर, म्हणजे भोकं पाडून यंत्राला वाचता येतील अशा कार्डांवर, करायला घेतली. ती पुढे ५६ खंडांत छापून झाली. १९६४ साली मॉस्टेलर आणि वॉलेस या दोन संख्याशास्त्रज्ञांनी अमेरिकेच्या राज्यघटनेच्या बाजूने लिहिलेल्या ८५ 'फेडरलिस्ट' लेखांपैकी वादातले १२ लेख हॅमिल्टनचे की मॅडिसनचे, हे 'अपॉन'सारखे बिनमहत्त्वाचे शब्द मोजून ठरवलं. हॅमिल्टन हा शब्द सारखा वापरी, मॅडिसन क्वचित. कौल मॅडिसनच्या बाजूने गेला.

पण मला खरं आश्चर्य वाटतं ते आपल्या गावाचं. भांडारकर संस्थेत १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार झाली. त्यासाठी १२५९ हस्तलिखितं तपासली गेली, श्लोकामागून श्लोक, कुठल्या पोथीत कोणता पाठ आहे ते मांडत. येरवड्याच्या डेक्कन कॉलेजात १९४८ साली संस्कृत कोशाचं काम सुरू झालं. सुमारे १५०० ग्रंथांतून शब्द टिपून जवळपास एक कोटी चिठ्ठ्या तिथे जमल्या. एका चिठ्ठीवर एक शब्द, तो ज्या वाक्यात आला ते वाक्य आणि ग्रंथातला ठिकाणा. आज आम्ही ज्याला डेटाबेस म्हणतो त्यात याहून वेगळं काय असतं? इथल्या माणसांनी हे हाताने केलं, आणि चिठ्ठी लिहिताना ठिकाणा चुकवायचा नाही ही शिस्त पाळली. तुम्हाला शिकायची ती हीच शिस्त. पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा नंतर.

आता तारखा. सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, म्हणून जरा थांबून सांगतो.

१४ जानेवारी १७६१ ही पानिपतची तारीख. तेव्हाच्या कागदात ती पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२ अशी असेल, किंवा सुहूर सनात, म्हणजे अरबी संख्याशब्दांत लिहिलेल्या सालात, इहिदे सितैन मया व अलफ अशी. इहिदे एक, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार. मिळून ११६१. हे साल मृगाला, जूनच्या सुरुवातीला, सुरू होतं, त्यामुळे मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. म्हणजे एकाच इंग्रजी वर्षातली एप्रिलची आणि जुलैची पत्रं दोन वेगळ्या सुहूर सनांत पडतात. महिना आणि तिथी पुष्कळदा मुसलमानी, 'छ' म्हणजे चंद्र, आणि पुढे आकडा.

मी ही सालं आपोआप फोडायला एक छोटा प्रोग्राम लिहिला. मराठी शब्दांचे प्रत्यय छाटायची सोय त्यात आधीच होती आणि शब्दांचा क्रम तो बघत नव्हता. तपासताना एक पत्र विचित्र वाटलं. नानासाहेब पेशव्यांच्या काळच्या गठ्ठ्यातलं, पण साल निघालं ११७५, म्हणजे १७७४-७५. नानासाहेब तर १७६१ सालीच गेले. मूळ कागदात होतं 'सबा खमसैन'. सबा सात, खमसैन पन्नास, म्हणजे ११५७. प्रोग्रामने 'सबैन' (सत्तर) आणि 'सबा' यांचं शेपूट कापून दोन्ही एकच केले, 'खमस' (पाच) आणि 'खमसैन'चंही तेच, आणि सत्तावन्नाचे पंचाहत्तर झाले. अठरा वर्षांचा फरक. एवढ्यात पेशवा बदलतो, नारायणरावांचा खून होतो, बारभाईंचा कारभार सुरू होतो. हे एक पत्र हाती लागलं. बाकी किती निसटली ते बघायला सगळी पुन्हा वाचावी लागली.

त्यात आणखी एक गोष्ट. पुष्कळ पत्रांवर साल नसतंच, नुसता चंद्र आणि महिना. छापील खंडांत वर दिलेली इंग्रजी तारीख संपादकाने मजकुरावरून ठरवलेली असते. त्यातल्या बऱ्याच बरोबर आहेत, ती माणसं मोठी होती. पण तुम्ही त्या तारखांवर आलेख काढता तेव्हा निम्मा आलेख संपादकाच्या मताचा असतो, हे तक्त्यात दिसायला हवं. मी 'तारीख कुणी ठरवली' असा एक रकाना ठेवतो.

शोधण्याचंही असंच. 'पुणे' शोधलं तर पुण्यास, पुण्याहून, पुणियांत यांतलं काही सापडणार नाही. 'पुण्य' शोधलं तर 'स्वामींचे पुण्यप्रतापेंकरून' हे दर दुसऱ्या पत्रात सापडेल. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांआधीच्या पुस्तकांत केलें, नाहीं, मीं अशी टिंबं, नव्या प्रतीत ती नाहीत. स्कॅन केलेल्या पुस्तकाचा ओसीआर काढला, म्हणजे चित्रातली अक्षरं संगणकाकडून वाचून घेतली, की 'खर्च'चा 'रवर्च' होतो, 'भ'चा 'म', 'घ'चा 'ध'. मोडी तर ऱ्हस्व-दीर्घ वेगळे लिहीतच नाही आणि शब्द तोडत नाही. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरसंचात, मोडी २०१४ साली आली, पण कागदावरची मोडी यंत्राने वाचून दिली तरी माणसाने प्रत्येक ओळ तपासल्याशिवाय मी ती वापरत नाही.

जमाखर्चाच्या कागदांकडे वळलात तर भावांकडे लक्ष ठेवा. धान्याचा भाव पुष्कळदा 'रुपयास इतके शेर' असा लिहितात. आकडा वाढला की स्वस्त, उतरला की महाग. २५ ऑक्टोबर १८०२ ला यशवंतराव होळकरांनी हडपसरजवळ पेशवे-शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला, पुण्याची दैना झाली, मागोमाग १८०३-०४ चा दुष्काळ आला. त्या काळाचे आकडे जसेच्या तसे आलेखात टाकले तर रेघ खाली येते, आणि स्वस्ताई झाली असं वाटतं. लोक तेव्हा उपाशी मरत होते. शिवाय शेर आणि पायली गावोगाव वेगळी, त्यामुळे एका गावचा शेर दुसऱ्या गावच्या शेराशी पुराव्याशिवाय जोडू नका.

मग मोजण्यात हशील काय? आहे. माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त उपयोग मायन्याचा, म्हणजे पत्राच्या सुरुवातीच्या संबोधनाचा, झाला. शब्द मोजायला घेतले की पहिल्यांदा वर येतात ते स्वामी, विनंती, राजश्री, साष्टांग, नमस्कार. सगळे म्हणतात, हे गाळा. मी गाळून फेकले नाहीत, वेगळ्या रकान्यात ठेवले. 'स्वामींचे सेवेशी' कोण कुणाला लिहितो, 'अखंडित लक्ष्मी अलंकृत राजमान्य राजश्री' कुणाला, 'चिरंजीव' म्हणून आशीर्वाद कुणाला. दोन माणसांमधला मायना बदलला, की त्या तारखेच्या आसपासची पत्रं मी काढून वाचतो. नातं, मान, कधीकधी नुसता कारकून बदललेला असतो. त्यावरूनच लक्षात आलं, की फेडरलिस्टसारखी लेखक ओळखायची युक्ती इथे सरळ चालत नाही. पत्र ज्याच्या नावाचं, त्याच्या हातचं ते क्वचितच असतं. शैली सापडते ती बहुधा दफ्तरातल्या एखाद्या कारकुनाची, आणि तो कारकूनही शोधण्यासारखाच आहे.

एका गोष्टीची मात्र सक्त ताकीद देतो. पेशवे दफ्तरात, म्हणजे पेशव्यांच्या सरकारी कागदांच्या पुण्यातल्या संग्रहात, कोट्यवधी कागद आहेत. इतिहासकार गो. स. सरदेसाईंनी १९३० ते १९३४ मध्ये त्यांतून निवडून ४५ खंड काढले. ते काम अफाट आहे, पण ती निवड आहे. त्या खंडांत एखादी जात, एखादा धंदा, बायकांची नावं कमी दिसली, तर दफ्तरातही ती कमी आहेत असं म्हणू नका. रुमाल, म्हणजे फडक्यात बांधलेले कागदांचे गठ्ठे, अजून तिथे बांधलेले आहेत.

सुरुवात अशी करा. छापील पत्रांचा एकच खंड घ्या, मी वि. का. राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा १८९८ चा पहिला सुचवेन, पानिपतच्या आसपासची पत्रं आहेत त्यात. पन्नास पत्रं स्वतः वाचून साध्या एक्सेलमध्ये भरा. पत्राचा क्रमांक, तारीख मुळात आहे तशी, इंग्रजी तारीख, ती कुणी ठरवली, कुणाकडून, कुणाला, मुक्काम, मायना, विषय. मूळ रकाना कधीही दुरुस्त करायचा नाही, दुरुस्ती शेजारच्या रकान्यात. पन्नास झाली की प्रश्न आपोआप सुचतील. त्यानंतर व्हॉयंट किंवा अँटकॉन्कसारखी शब्द मोजायची फुकट साधनं उघडा, मुक्काम नकाशावर टाकायचे असतील तर क्यूजीआयएस. आणि या वर्षीच मोडीच्या वर्गाला नाव घाला. भारत इतिहास संशोधक मंडळात वर्ग भरतात, पुराभिलेखागाराचेही असतात.

आता तुमची गाठोडी. सोडण्याआधी बांधलेल्या अवस्थेत सगळ्या बाजूंनी फोटो काढा, दोरी आणि वरचं फडकं धरून. मग एकेक कागद उचला, वरून खाली जसे आहेत त्याच क्रमाने, मागच्या कोऱ्या बाजूचाही फोटो, आणि पेन्सिलीने मागच्या बाजूला कोपऱ्यात बारीक क्रमांक घाला. विषयवार लावायचा मोह होईल, लावू नका. कुठला कागद कुठल्या कागदाशी बांधला होता ही माहिती कुठल्याही कागदावर लिहिलेली नसते, ती फक्त त्या क्रमात असते. पावसाळा संपल्यावर, कोरड्या हवेत, पंखा बंद करून करा. आणि पहिल्या दहा फोटोंतल्या मजकुरात सुहूर सन दिसला, तर इथेच खाली लिहा. साल आपण मिळून काढू.