मोटार शर्यतीत टीम ऑर्डर चालू द्यावी का?

तुमचा प्रश्न असा, की एकाच टीमच्या दोन गाड्या पुढेमागे धावत असताना टीमने पुढच्या ड्रायव्हरला ‘मागच्याला जाऊ दे’ असं रेडिओवर सांगावं का, आणि नियमाने ते चालू द्यावं का. माझं मत: चालू द्यावं, पण सगळ्यांना ऐकू येईल असं, सरळ शब्दांत. आणि हुकूम स्वतःच्या दोन गाड्यांपुरताच असावा. दुसऱ्या टीमच्या शर्यतीला त्याचा धक्का लागला, तर शिक्षा जबर हवी.

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात हा विषय काढला, की बहुतेक जण लगेच ‘हे का बराबर हाय?’ म्हणतात. शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यती, पाहत वाढलेली माणसं आहेत. तळेगाव दशासरच्या पटाला लोक भर उन्हात उभे राहतात ते कोणती जोडी खरंच जोरात पळते हे पाहायला. तिथे धुरकऱ्याने मुद्दाम कासरा ओढला, तर लोक त्याला पटावरून हलू देणार नाहीत. हा राग मला पटतो, कारण पाहणाऱ्याची फसवणूक हाच या सगळ्यातला खरा गुन्हा आहे.

१२ मे २००२ ला फॉर्म्युला वनच्या ऑस्ट्रियातल्या शर्यतीत तेच झालं. फेरारीचा रुबेन्स बॅरिकेलो पोलवरून, म्हणजे सगळ्यात पुढच्या जागेवरून, सुटला होता आणि जिंकत होता. शेवटच्या लॅपला, रेघ समोर दिसत असताना त्याने टीमच्या सांगण्यावरून वेग कमी केला आणि त्याच टीमचा मायकेल शूमाकर ०.१८२ सेकंदाने जिंकला. शूमाकरने त्याआधीच्या पाचपैकी चार शर्यती जिंकल्या होत्या. त्याला त्या पॉइंटांची काही निकड नव्हती. लोकांनी हुर्यो उडवली. बिचाऱ्या शूमाकरने बॅरिकेलोला पोडियमच्या, म्हणजे बक्षिसाच्या मंचाच्या, वरच्या पायरीवर उभं केलं, आणि १० लाख डॉलरचा दंड झाला तो या पोडियमच्या गोंधळाबद्दल. हुकुमाला दंड लावायला तेव्हा नियमच नव्हता. २००३ पासून मात्र निकाल बदलणाऱ्या हुकुमांवर बंदी आली.

बंदीने हुकूम थांबले नाहीत, ते आडून बोलले जाऊ लागले. २५ जुलै २०१० ला जर्मनीत हॉकेनहाइमला फेरारीचा फेलिपे मासा पुढे होता. बरोबर एक वर्षापूर्वी, त्याच तारखेला, हंगेरीत डोक्याला स्प्रिंग लागून तो मरता मरता वाचला होता. त्या दिवशी त्याच्या इंजिनिअरने रेडिओवर एवढंच सांगितलं, की फर्नांडो तुझ्यापेक्षा वेगात आहे, समजलं का? मासाने जागा दिली, त्याच टीमचा फर्नांडो अलोन्सो जिंकला. फेरारीला १ लाख डॉलर दंड झाला, निकाल तसाच राहिला. एवढ्या मोठ्या टीमला १ लाख डॉलर म्हणजे काय! शेवटी २०११ पासून ती बंदीच काढून टाकली. मला तो निर्णय योग्य वाटतो. जो नियम एका वाक्याच्या आडोशाने मोडता येतो, त्याने पाहणाऱ्याला काहीच मिळत नाही.

दुसरी गोष्ट, फॉर्म्युला वनमध्ये ड्रायव्हरांचं विजेतेपद वेगळं आणि टीमचं वेगळं. शेकडो माणसं वर्षभर राबून ती गाडी बनवतात. टीमला आपल्या दोन गाड्यांचा हिशेब करायचा हक्क आहे, आणि कधी कधी तो हुकूम न्यायाचाही असतो. २०२५ ला इटलीत मोंझात मॅकलारेनचा लँडो नॉरिस आपल्याच टीमच्या ऑस्कर पियास्त्रीच्या पुढे होता. पिटमध्ये, म्हणजे चाकं बदलायच्या थांब्यावर, त्याच्या चाकाला वेळ लागला आणि पियास्त्री पुढे निघाला. टीमने जागा परत द्यायला सांगितली. पियास्त्रीने रेडिओवर नाराजी स्पष्ट बोलून दाखवली आणि जागा दिली. नॉरिस दुसरा, पियास्त्री तिसरा. म्हणजे १८ आणि १५ पॉइंट. हंगाम संपला तेव्हा नॉरिसचे ४२३ आणि रेड बुल टीमच्या मॅक्स व्हर्स्टापेनचे ४२१! बाकी सगळं तसंच धरलं, तर ते ३ पॉइंट नसते तर विजेता व्हर्स्टापेन असता. व्हर्स्टापेनच्या चाहत्यांना हे सलत असणार, पण फसवणूक कोणाची झाली? कारण सांगितलं गेलं, नाराजी ऐकू आली, जगाने पाहिलं. यावर हवं तेवढं भांडता येतं, कारण सगळं समोर घडलं.

सिंगापूर २००८ ची गोष्ट मात्र वेगळी. रेनॉच्या धाकट्या नेल्सन पिकेने ठरवून गाडी भिंतीवर घातली, सगळ्यांचा वेग कमी करायला पुढे धावणारी सेफ्टी कार आली, आणि नुकताच पिटमधून निघालेला त्याच टीमचा अलोन्सो त्याच्या फायद्याने जिंकला. यात सगळ्या टीमांची शर्यत बिघडली, माणसाचा जीवही जाऊ शकला असता, आणि जगाला ते कळलं २००९ मध्ये. रेनॉवर बंदी घातली, पण ती स्थगित ठेवली, निकालही बदलला नाही. माझ्या मते ती बंदी लगेच लागू व्हायला हवी होती आणि त्या शर्यतीचे पॉइंट काढून घ्यायला हवे होते.