शॅलो क्लोनवर रोजचे काम करावे का?

आपला प्रश्न असा आहे की गिटमधली (गिट म्हणजे कोडमधल्या बदलांचा इतिहास जपणारे साधन) रिपॉझिटरी, म्हणजे कोड आणि त्याचा सारा इतिहास, फार मोठी झाली आहे, पूर्ण क्लोनला, म्हणजे तिची अख्खी प्रत उतरवायला, तासन्‌तास लागतात, तेव्हा डेप्थ १ ठेवून शॅलो क्लोन (फक्त शेवटच्या कमिटची, म्हणजे शेवटच्या नोंदवलेल्या बदलाची, प्रत) घेतला आणि त्यावरच रोजचे काम केले तर काय बिघडेल, आणि पुढे गरज पडल्यास उरलेला इतिहास आणता येईल का. दुसऱ्या भागाचे उत्तर सोपे आहे. फेचला, म्हणजे सर्व्हरवरून नवे आणणाऱ्या आज्ञेला, अनशॅलो हा पर्याय दिला की तोडलेला इतिहास खाली उतरतो, आणि थोडाच हवा असेल तर डीपन वापरून, सध्या जिथे इतिहास तुटतो त्या सीमेपासून हव्या तितक्या कमिट मागे जाता येते. पहिल्या भागाचे उत्तर मात्र मला थोडक्यात देता येणार नाही, कारण या डेप्थ १ पायी माझ्यावर एकदा अडीच हजार ओळींचा आळ आला होता.

त्या वेळी मी एका कंपनीत हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर काम करत होते. व्याजाच्या गणनेत शेवटच्या दशांशात फरक पडतो, असे ग्राहकाने दाखवून दिले आणि चूक कोणत्या ओळीत आहे हे दुपारपर्यंत सापडलेही. पण आमच्या वरिष्ठांना ती ओळ कोणाची, हे हवे होते. त्यासाठी त्यांनी स्वतः लिहिलेली एक स्क्रिप्ट होती. ती बिल्ड सर्व्हरवरच्या (कोडपासून चालते सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या यंत्रावरच्या) प्रतीत प्रत्येक फाइलवर ब्लेम, म्हणजे कोणती ओळ शेवटी कोणी बदलली हे सांगणारी गिटची आज्ञा, चालवी, नावांप्रमाणे ओळी मोजी आणि तक्ता सर्वांना मेलने पाठवी. त्या दिवशीच्या तक्त्यात एकच नाव होते आणि ते माझे होते. अख्खे मॉड्यूल, अडीच हजारांवर ओळी, आदल्या सायंकाळी एकाच मिनिटाला मी लिहून काढल्या, असे त्यात दिसत होते. त्या सायंकाळी मी केवळ आवृत्तीचा क्रमांक बदलला होता.

बैठकीत मी म्हणाले की ही ओळ लिहिली गेली तेव्हा मी या कंपनीत नव्हतेच. त्यावर वरिष्ठ म्हणाले, “गिट खोटे बोलत नाही.” मी माझ्या लॅपटॉपवर त्याच ओळीवर ब्लेम चालवला, तर दुसरेच नाव आणि मी रुजू होण्याच्या तीन वर्षे आधीची तारीख आली. एकाच कमिटवर उभ्या असलेल्या दोन प्रती दोन वेगळी उत्तरे देतात हे कोणाच्या पचनी पडेना, आणि काही वेळ संशय माझ्याच प्रतीवर राहिला. शेवटी मी बिल्ड सर्व्हरवरच्या डॉट-गिट फोल्डरमधली शॅलो नावाची फाइल सर्वांसमोर उघडली. तिच्यात एकच ओळ होती: चाळीस अक्षरांचा एक हॅश, म्हणजे कमिटची ओळख सांगणारा क्रमांक, आणि तो माझ्या आदल्या सायंकाळच्या कमिटचा होता.

या फाइलीत ज्या कमिटची नोंद असते, तिला पॅरेंट, म्हणजे तिच्या आधीची कमिट, नाही असे गिट धरून चालते. ब्लेम एकेका ओळीचा माग काढत मागे जातो, सीमेवर पोचतो, पुढे वाटच नसते, म्हणून उरलेल्या साऱ्या ओळी सीमेवरच्या कमिटच्या पदरात टाकतो. हे तो लपवत नाही. अशा ओळींच्या हॅशआधी तो कॅरेटचे टोपीसारखे चिन्ह छापतो, आणि लॉगमध्येही, म्हणजे कमिटच्या यादीतही, त्या कमिटशेजारी ग्राफ्टेड हा शब्द दिसतो. वरिष्ठांच्या स्क्रिप्टने ते चिन्ह पुसून टाकले होते, कारण त्यामुळे तक्त्यातले हॅश एकसारखे दिसत नव्हते.

लिनक्स कर्नलच्या (लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) रिपॉझिटरीतही जुन्या ओळींवर ब्लेम चालवला की एप्रिल २००५ मधली, २.६.१२-आरसी२ या आवृत्तीची कमिट आणि लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांचे नाव येते. त्या सर्व ओळी त्यांनी लिहिल्या असे कोणी मानत नाही, कारण आधीचा इतिहास सोबत आणलेला नाही हे त्या कमिटच्या संदेशातच लिहिलेले आहे. आमच्या तक्त्यात असे काही लिहिलेले नव्हते.

त्यानंतर वरिष्ठांनी डेप्थ १ ची ५० केली आणि प्रश्न मिटल्याचे जाहीर केले. माझे म्हणणे तेव्हाही हेच होते, आणि आजही आहे, की ५० ही १ पेक्षा वाईट. डेप्थ १ चे उत्तर इतके हास्यास्पद असते की निदान शंका तरी येते. डेप्थ ५० मध्ये मर्जच्या (दोन ब्रँच, म्हणजे कामाच्या दोन समांतर शाखा, जिथे एकत्र केल्या त्या जागेच्या) प्रत्येक फाट्यावरून मागे मोजले जाते, त्यामुळे सीमेवर एक नव्हे तर अनेक कमिट येतात आणि जुन्या ओळी चार-पाच जणांच्या नावांवर वाटल्या जातात. असा तक्ता अगदी खरा वाटतो. पुढच्याच महिन्यात एका शिकाऊ मुलाला एका जुन्या ओळीबद्दल जाब विचारला गेला, ती याच वाटपातून त्याच्याकडे आली होती.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. जी प्रत बिल्ड होऊन तासाभरात पुसली जाणार आहे, ती शॅलो असू द्यावी. ज्या प्रतीला माणूस प्रश्न विचारणार आहे, ती नको. ब्लेमचेच कशाला, कमिट मोजून बिल्ड क्रमांक काढत असाल तर डेप्थ १ मध्ये तो कायम १ येतो, आणि दोन ब्रँचचा समान पूर्वज सीमेपलीकडे राहिला तर त्यांचे इतिहास असंबद्ध आहेत असे सांगून गिट मर्ज नाकारते. डिस्क्राइबला (जवळच्या टॅगवरून, म्हणजे कमिटला दिलेल्या नावावरून, आवृत्ती सांगणाऱ्या आज्ञेला) टॅग सापडत नाही तेव्हा तो सरळ अडतो; तो त्यातल्या त्यात प्रामाणिक म्हणायचा.

आपल्याला हवा आहे तो बहुधा पार्शल क्लोन. गिट २.१७ पासून, म्हणजे २०१८ पासून, क्लोन करताना फिल्टरमध्ये ‘ब्लॉब:नन’ देता येते. मग सर्व कमिट आणि फोल्डरांची रचना पूर्ण येते, फक्त जुन्या फाइलींचा मजकूर मागे राहतो आणि लागेल तेव्हा सर्व्हरवरून आणला जातो. इथे ब्लेम हळू चालेल, पण नाव बरोबर सांगेल.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. पार्शल क्लोनला सर्व्हरचा पाठिंबा लागतो, आणि नेटवर्क नसताना जुन्या मजकुराची गरज पडली तर काम थांबते. डेप्थ दिली की एकच ब्रँच येते, त्यामुळे अनशॅलो केल्यावरही इतर ब्रँच आपोआप येत नाहीत. रिमोटच्या, म्हणजे मूळ सर्व्हरच्या, सेटिंगमध्ये त्या वेगळ्या मागाव्या लागतात. शॅलो प्रतीतून पुश करता (आपल्या कमिट सर्व्हरवर पाठवता) येत नाही असे कोणी सांगितले तर ती २०१४ च्या १.९ आवृत्तीआधीची गोष्ट आहे. आणि पूर्ण प्रतीत चुकूनही डेप्थ देऊन फेच करू नये, कारण त्याने चांगली प्रतही शॅलो होते.

माझ्या त्या वरिष्ठांना हे सर्व मी लेखी कळवले होते. मी कंपनी सोडली त्या दिवशी बिल्ड सर्व्हरवर डेप्थ ५० च होती, आणि सकाळचा तक्ताही नेहमीप्रमाणे आला होता.