स्वॅप वाढवू का? वाचकांचे प्रश्न

प्रश्न (देवगड): आंब्याच्या हिशेबाला जुना डेस्कटॉप आहे. ४ जीबी रॅम, साधी हार्ड डिस्क, उबुंटू लिनक्स. ऐन हंगामात ब्राउझर आणि पेट्यांची शीट एकदम उघडली की माउससुद्धा हलत नाही, डिस्कचा दिवा पेटलेलाच. स्वॅप २ जीबी आहे, ती १६ करू का?

नको. स्वॅप म्हणजे रॅममध्ये न मावणारं ठेवायला डिस्कवर राखलेली जागा, घराचा माळाच म्हणा. उन्हाळ्यात इरलं माळ्यावर टाकलं तर काही बिघडत नाही. रोजचा तवाच तिथे ठेवला तर भाकऱ्या व्हायच्या कधी? रॅमपर्यंत पोचायला शंभरेक नॅनोसेकंद लागतात, फिरत्या हार्ड डिस्कवर नेमकी जागा गाठायलाच दहाएक मिलिसेकंद. फरक लाखपटीचा. तुमचं मशीन काम करत नाहीये, नुसती शिडीवर चढउतार करतंय. खात्री करायची तर मशीन रखडलेलं असताना टर्मिनलवर 'व्हीएमस्टॅट १' चालवून 'एसआय' (स्वॅपमधून रॅममध्ये आलेलं) आणि 'एसओ' (रॅममधून स्वॅपमध्ये गेलेलं) हे रकाने बघा. तिथे मोठे आकडे सतत पळत असतील तर रॅमच अपुरी आहे.

आणखी एक ४ जीबीची पट्टी टाका. दुकानात जाताना जुनी पट्टी काढून सोबत न्या; डीडीआर ३ च्या खाचेत डीडीआर ४ बसत नाही. पुढच्या हंगामाआधी एसएसडीही (न फिरणारी, वेगवान डिस्क) बघा. तोवर झेडरॅम बसवा. ते पडून असलेला मजकूर दाबून रॅममध्येच ठेवतं, डिस्कची फेरी वाचते. २ जीबी स्वॅप मात्र काढू नका. सगळीच जागा भरली की कर्नल (लिनक्सचा गाभा) एखादा प्रोग्रॅम सरळ बंद करतो, आणि तो नेमका पेट्यांच्या हिशेबाचा असू शकतो.

प्रश्न (गुहागर): पावसात लाइट कधीही जाते. सस्पेंड करून ठेवलेलं काम सकाळी गायब. रॅम ८ जीबी, स्वॅप २.

सस्पेंडमध्ये काम रॅममध्येच राहतं, आणि रॅमला वीज लागते. तुम्हाला हवं हायबरनेट: रॅममधलं सगळं स्वॅपमध्ये लिहून मशीन पूर्ण बंद. मोठी स्वॅप खरोखर लागते ती इथे. ८ जीबी रॅमला मी १० ठेवतो. जुनी स्वॅप फाइल 'स्वॅपऑफ'ने बंद करा, नवी करून तिची परवानगी ६०० ठेवा (नाहीतर दुसरा कोणी तुमची मेमरी वाचेल), मग 'एमकेस्वॅप'ने ती स्वॅप म्हणून तयार करा आणि 'स्वॅपऑन'ने चालू करा. फाइलचं नाव बदललंत तर एफएसटॅबमधली (मशीन सुरू होताना कोणती डिस्क आणि स्वॅप जोडायची, त्या यादीतली) नोंदही बदला. शिवाय मशीन उठताना ती फाइल कुठे शोधायची, हे कर्नलला सांगावं लागतं. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. सिक्युअर बूट (फक्त सही असलेली सिस्टिमच सुरू होऊ देणारी सोय) चालू असेल तर बऱ्याच ठिकाणी कर्नल हायबरनेट करूच देत नाही. आणि लिहून होईपर्यंत वीज हवीच, तेव्हा छोटा यूपीएस लागेल.

प्रश्न (मालवण): १६ जीबी रॅम निम्मी रिकामी, तरी ३०० एमबी स्वॅप वापरात दिसते. बिघाड?

नाही. कधीतरी माळ्यावर गेलेलं सामान गरज पडेपर्यंत खाली येत नाही, इतकंच. 'स्वॅपीनेस' (कर्नलने स्वॅपकडे किती लवकर वळायचं तो आकडा) बहुधा ६० असेल, तो १० केलात तरी हरकत नाही.

प्रश्न (चिपळूण): एसएसडी झिजू नये म्हणून विंडोजची पेजफाइल (म्हणजे तिथली स्वॅप) बंद करू का?

मी एकदा केली होती. रॅम शिल्लक दिसत असतानाही 'मेमरी कमी आहे' म्हणत प्रोग्रॅम बंद पडू लागले, कारण काही प्रोग्रॅम वापरण्याआधीच भरपूर जागा राखून ठेवतात आणि विंडोज ती रॅम व पेजफाइल मिळून मोजतं. रोजच्या वापरात पेजफाइलमुळे एसएसडी लवकर संपत नाही. आकार विंडोजलाच ठरवू द्या.