स्टायरीन शीटपासून बनवलेल्या मॉडेलचे सांधे रंग दिल्यावर पुन्हा दिसतात, काय करावं?

घासून अगदी गुळगुळीत केलेला सांधा रंगानंतर परत उमटतो, त्याचं कारण बहुतेक वेळा घाई हेच असतं. पातळ सॉल्व्हंट सिमेंट प्लास्टिक विरघळवून दोन्ही कडा एकजीव करतं. त्यामुळे तुकडे आधी कोरडेच जुळवून धरा आणि ब्रशचं टोक फटीला नुसतं टेकवा, सिमेंट आपोआप आत ओढलं जातं. मग हलका दाब द्या. मऊ झालेलं प्लास्टिक बारीक मण्यासारखं वर येतं. पुसू नका, तेच फट भरतं. त्यानंतर किमान एक दिवस हात लावायचा नाही. आत सॉल्व्हंट शिल्लक असताना घासलंत, तर सांधा नंतर आक्रसतो आणि तिथे खाच पडते.

पुट्टीही आक्रसते, म्हणून ती पातळ थरांत भरा. मला स्वतःला बारीक फटींसाठी सुपरग्लू बरा वाटतो. फक्त तो तासाभरात घासून घ्यावा. उशीर झाला तर तो स्टायरीनपेक्षा कडक होतो आणि पॉलिश पेपर आजूबाजूचं प्लास्टिकच खातो.

पेपर 400, 600, मग 1000 नंबरचा, पाणी लावून, सपाट ठोकळ्यावर गुंडाळून. बोटाने घासलं की खळगा पडलाच म्हणून समजा.

मग करडा प्राइमर. दिव्याचा उजेड तिरका पाडून बघा, राहिलेली रेघ लगेच सापडते. ती दुरुस्त करून तेवढ्यापुरता पुन्हा प्राइमर द्या. आणि हो, सॉल्व्हंट वापरताना खिडकी उघडी हवी.